पोथी, बाड आणि धर्माभ्यासाचे अध्यापक

(१)

महाराष्ट्रांतील सांप्रदायिक ग्रंथांचें चिकाटीनें वाचन गेल्या पन्नास वर्षांत कोणीं केलें, असा प्रश्न केला तर उत्तर थोडें अनपेक्षित येतें. मराठी वाङ्मयाच्या व इतिहासाच्या अभ्यासकांचें काम आपणांस परिचित आहेच. परंतु त्यांच्या जोडीला अमेरिकेंतील व जर्मनींतील विद्यापीठांत धर्माभ्यास शिकविणाऱ्या विद्वानांचा एक लहानसा गट महानुभाव, वारकरी व धनगर यांच्या परंपरांवर सतत लिहीत आला आहे. त्यांचे ग्रंथ बहुधा इंग्रजींत असतात, परदेशीं छापले जातात, आणि आपल्या हस्तलिखित-संग्राहकांच्या हातीं क्वचितच पडतात. ज्यांच्या हातीं पडतात ते दोहोंपैकीं एका टोकास जातात. कोणी परदेशी पंडितानें आपली दखल घेतली म्हणून धन्यता मानतो. कोणी परक्यास जुनी मराठी ती काय कळणार, असें म्हणून पुस्तक मिटून ठेवतो. परीक्षणाच्या कामीं दोन्ही वृत्ति निरुपयोगी होत. प्रस्तुत लेखांत या अध्यापकांच्या कांहीं ग्रंथांचें परीक्षण एकाच दृष्टीनें करावयाचें आहे: पोथ्या जमविणाऱ्यास, त्यांची सूची करणाऱ्यास व त्या वाचणाऱ्यास या ग्रंथांपासून काय मिळतें, आणि जुन्या कागदांच्या परीक्षेची जी रीत आपल्याकडे रुळली आहे तिचा उपयोग या ग्रंथकारांनीं कितपत करून घेतला.

आमचें मत आरंभींच सांगतों. या अध्यापकांनीं पोथीला जो प्रश्न विचारला तो आपण फार पूर्वीं विचारावयास पाहिजे होता. ही पोथी कोणाच्या हातांत होती, कोणत्या प्रसंगीं उघडली जाई, आणि ती उघडून काय केलें जाई, हा तो प्रश्न. उलट, पोथीची जी साक्ष आपण कागदावरून, अक्षरावरून व शकावरून तपासतों, ती तपासण्याचें ओझें त्यांनीं पुष्कळदां छापील प्रतीच्या संपादकावर टाकिलें आहे. दोन्हीकडची ही उणीव भरून निघाली नाहीं तर नुकसान पोथीचें आहे. कारण पोथीच्या वापराच्या खुणा एकदां पुसल्या कीं त्या पुन्हां मिळत नाहींत.

(२)

'धर्माभ्यास' हा शब्द येथें एका विशिष्ट अर्थानें योजिला आहे. धर्माचा उपदेश करणें, स्वमताचें मंडन करणें किंवा धर्मशास्त्राचा निर्णय देणें यांपासून तो निराळा आहे. माणसें देवास, गुरूस, तीर्थास, ग्रंथास व विधीस कशीं मानतात याचें, त्यांच्या श्रद्धेच्या खरेखोटेपणाचा निवाडा न करतां, ऐतिहासिक व तुलनात्मक निरीक्षण करणें हा त्याचा विषय. मॅक्स म्यूलर यांनीं १८७० सालीं लंडनांत धर्मविज्ञानावर व्याख्यानें दिलीं. लायडन येथें १८७७ सालीं टीले यांस धर्मेतिहासाचें अध्यासन मिळालें. पॅरिस येथें १८८६ सालीं त्याचा स्वतंत्र विभाग निघाला. अमेरिकेंत मात्र या विषयाचा मोठा विस्तार १९६३ नंतरचा आहे. त्या वर्षीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें सरकारी शाळांच्या वतीनें होणारें बायबल-पठण अवैध ठरविलें. परंतु धर्माविषयीं तटस्थपणें शिकविण्यास हरकत नाहीं, हेंही त्याच निर्णयांत स्पष्ट केलें. धर्म शिकविणें आणि धर्माविषयीं शिकविणें यांतील या भेदाचा आधार घेऊन राज्यांच्या विद्यापीठांतून धर्माभ्यासाचे विभाग वाढले. इंग्लंडांत निनियन स्मार्ट यांनीं लँकेस्टर येथें असा विभाग १९६७ सालीं उभा केला.

आपल्याकडे संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानें सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे. ही मनाई अभ्यासाच्या आड येत नाहीं, हें पतियाळा येथील पंजाबी विद्यापीठांत १९६७ सालीं निघालेल्या धर्माभ्यासाच्या विभागावरून दिसतें. परंतु महाराष्ट्रांत या विषयानें फारसें मूळ धरलें नाहीं. परिणाम असा झाला कीं आपले सांप्रदायिक ग्रंथ बहुतेक मराठीच्या अध्यापकांकडे गेले. त्यांतून फार मोठें काम झालें. नागपूरचे वि. भि. कोलते व पुण्याचे शं. गो. तुळपुळे यांच्यावांचून जुन्या मराठी गद्याचा अभ्यास आज उभाच राहिला नसता. गुरुदेव रा. द. रानडे यांच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या अध्यापकानें १९३३ सालीं महाराष्ट्रांतील संतांच्या साक्षात्कारावर इंग्रजींत ग्रंथ लिहून अनुभवाची बाजू पुढें मांडली. तथापि भाषेचा अभ्यासक ग्रंथांत शब्द पाहतो, तत्त्वज्ञ सिद्धान्त पाहतो, इतिहासकार सनावळी पाहतो. ग्रंथ हातांत घेऊन माणूस काय करीत होता, हें पाहणें कोणाच्याच नेमून दिलेल्या कामांत बसत नव्हतें. ती मोकळी जागा परदेशी विद्यापीठांतील धर्माभ्यासाच्या अध्यापकांनीं भरली.

(३)

याचें पहिलें उदाहरण महानुभाव ग्रंथांचें घ्यावें. सकळ लिपीच्या कुलपांत शतकानुशतकें राहिलेलें हें वाङ्मय. राजवाड्यांनीं त्या लिपीचा उलगडा केला, वि. ल. भावे यांनीं तें मराठी वाचकांपुढें आणिलें, य. खु. देशपांडे यांनीं १९२५ सालीं त्याचा ग्रंथरूपानें परिचय करून दिला, ह. ना. नेने यांनीं १९३६ पासून लीळाचरित्र भागशः छापण्यास आरंभ केला. आणि १९७८ सालीं कोलते यांची संपादित प्रत राज्य साहित्य व संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केली. लंडन येथें मराठी शिकविणारे रीसाइड यांनीं १९६० सालीं महानुभावांच्या मराठी ग्रंथांची एक सूची छापिली; ती संग्राहकांनीं अजूनही जवळ ठेवावी अशी आहे.

या पायावर ॲन फेल्डहाउस यांनीं काम केलें. ॲरिझोना राज्य विद्यापीठांत त्यांनीं दीर्घकाळ धर्माभ्यास शिकविला. १९८३ सालीं त्यांनीं सूत्रपाठाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९८४ सालीं गोविंदप्रभूंच्या चरित्राचें भाषांतर. १९९२ सालीं तुळपुळे यांच्या सहकार्यानें स्मृतिस्थळाचें भाषांतर. १९९९ सालीं तुळपुळे यांच्याच बरोबर जुन्या मराठीचा कोश. आणि २०२४ मध्यें मूर्ति अभिजात ग्रंथमालेंत लीळाचरित्राच्या भाषांतराचा पहिला खंड. एका पंथाच्या वाङ्मयाशीं चाळीस वर्षें एवढ्या निष्ठेनें राहिलेला अभ्यासक कोणत्याही देशांत विरळा.

या कामाचें मर्म शब्दार्थांत नाहीं. पंथाच्या मतें परमेश्वर अवतार घेऊन माणसांत वावरला आणि निघून गेला. चक्रधर गेले, गोविंदप्रभु गेले. मागें राहिलेल्या शिष्यांनीं आतां काय करावें, हा स्मृतिस्थळाचा विषय आहे. फेल्डहाउस व तुळपुळे यांनीं आपल्या भाषांतरास देवाच्या अनुपस्थितीचें नांव दिलें, त्यांत हा सगळा अर्थ येतो. देव समोर नाहीं म्हणून त्याच्या लीळांचें स्मरण करावयाचें. तो जेथें बसला, निजला, जेवला त्या स्थानांस वंदन करावयाचें. त्याचीं वचनें सूत्र म्हणून ध्यानीं धरावयाचीं. लीळा, स्थान आणि सूत्र हीं तिन्ही एकाच उणिवेवरचीं साधनें होत. असें पाहिलें म्हणजे लीळाचरित्र, स्थानपोथी आणि सूत्रपाठ हे तीन सुटे ग्रंथ न राहतां एका आचाराचीं तीन अंगें होतात.

याचा उपयोग पोथी वाचणाऱ्यास प्रत्यक्ष होतो. लीळाचरित्रांत कोणत्या गांवीं, कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूस, गोसावी कसे बसले होते याचे तपशील पदोपदीं येतात. आपल्यापैकीं अनेकांनीं ते यादवकालीन स्थळांच्या शोधासाठीं वापरले, आणि तें योग्यच झालें. परंतु ते तपशील लेखकानें इतिहासासाठीं नोंदविलेले नाहींत; स्मरणाला धरावयास कांहीं ठाम असावें म्हणून ते नोंदविले आहेत. तेव्हां एका पोथींत असा तपशील जास्त व दुसरींत कमी आढळला तर त्यास केवळ लेखकाचा प्रमाद मानून चालणार नाहीं. जो पाठ स्मरणासाठीं वापरला जातो त्यांत स्मरणाच्या सोयीनें भर पडणें संभवतें, आणि पाठभेदाची परीक्षा करतांना ही शक्यता लक्षांत ठेवावी लागते. केवळ भाषेच्या दृष्टीनें पाहणाऱ्याच्या हें सहसा ध्यानीं येत नाहीं.

दोष कोठें आहे? गोविंदप्रभुचरित्राचें भाषांतर कोलते यांच्या छापील प्रतीवर आधारलेलें आहे. भाषांतरकारानें चांगली छापील प्रत घ्यावी यांत वावगें कांहीं नाहीं; परंतु संपादकानें कोणत्या पोथ्या घेतल्या, कोणत्या सोडल्या, यावर भाषांतराचा प्रत्येक शब्द अवलंबून राहतो, आणि इंग्रजी वाचकास हें अवलंबन दिसत नाहीं. दुसरी गोष्ट 'लीळा' या शब्दाची. १९८४ च्या ग्रंथाच्या नांवांत देवाचीं 'कृत्यें' आहेत. २०२४ च्या ग्रंथाच्या नांवांत देव 'क्रीडा' करतो. ग्रंथ दोन असले तरी प्रकार एकच आहे. कृत्य म्हटलें कीं हेतु येतो, क्रीडा म्हटली कीं निर्हेतुकता येते. महानुभावांच्या लीळेंत दोन्ही एकत्र नांदतात. हा शब्द परभाषेंत पुरता बसत नाहीं असें या दोन नांवांवरून दिसतें. भाषांतरकर्त्रीनें चाळीस वर्षांनंतर दुसरा शब्द निवडला यांत आम्हांस चंचलता न दिसतां प्रामाणिकपणाच दिसतो.

(४)

दुसरे अध्यापक वॉशिंग्टन विद्यापीठांतील ख्रिश्चन नोवेट्झके. त्यांचा २०१६ सालचा ग्रंथ लीळाचरित्र व ज्ञानेश्वरी यांवर आहे. भारतांतील देशी भाषा राजदरबाराच्या आश्रयानें वाङ्मयाच्या पदवीस चढल्या, असा एक सिद्धान्त शेल्डन पोलॉक यांनीं मांडला होता. नोवेट्झके यांचें म्हणणें असें कीं मराठींत तसें झालें नाहीं. देवगिरीच्या यादवांनीं शिलालेखांत मराठी वापरली, तरी मराठी ग्रंथकारांस पोसलें नाहीं. मराठी वाङ्मय उगवलें तें हाटांत, मठांत, ओसरीवर, बायकांच्या व शूद्रांच्या ऐकण्यांतून, म्हणजे रोजच्या व्यवहारांतून. या वाङ्मयानें मोक्षाचें दार सर्वांस उघडलें, परंतु समाजांतील उच्चनीचता मोडण्याचें काम तेवढ्या जोरानें केलें नाहीं, हेंही ते स्पष्ट सांगतात. सिद्धान्त विचार करण्याजोगा आहे, आणि मराठीच्या आरंभाविषयीं आपण जें ठरीव बोलत आलों त्यास तो हलवून सोडतो.

परंतु येथें आपल्या शास्त्राचा आक्षेप उभा राहतो. लीळाचरित्राची रचना म्हाइंभटानें १२७८ च्या सुमारास केली असें मानतात. पंथाची स्वतःची परंपरा मात्र सांगते कीं चौदाव्या शतकाच्या आरंभींच्या धामधुमींत मूळ ग्रंथ हरवला आणि शिष्यांनीं तो आठवणीवरून पुन्हां जुळविला. त्यांतून निरनिराळे पाठ निघाले. आज हातीं असलेल्या पोथ्या तर त्याहून पुष्कळ अलीकडच्या. तेव्हां तेराव्या शतकांतील बाजारांत एखादी स्त्री अमुक शब्दांत बोलली, असें म्हणतांना मध्यें तीन पायऱ्या आहेत: प्रसंग, आठवण आणि प्रत. नोवेट्झके यांस हें ठाऊक नाहीं असें नाहीं. परंतु त्यांच्या सिद्धान्ताचा भार शब्दांच्या सूक्ष्म छटांवर आहे, आणि तेवढा भार सोसण्यास छापील प्रतीचा एक पाठ पुरा पडत नाहीं. ज्या ज्या लीळेवर युक्तिवादाचा कणा उभा आहे, तेवढ्यांपुरते तरी तीन-चार पोथ्यांतील पाठ शेजारीं मांडले असते तर ग्रंथास वेगळेंच बळ आलें असतें. पाठ जुळला असता तर सिद्धान्त पक्का झाला असता. न जुळता तर रोजच्या बोलण्याविषयीं निरनिराळ्या काळच्या नकलकारांची समजूत कशी होती, ही एक नवीनच गोष्ट हातीं लागली असती.

(५)

याच ग्रंथकाराचा २००८ सालचा नामदेवावरील ग्रंथ आपल्या मंडळींच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा आहे. कारण त्यांत त्यांनीं आपल्याच कपाटांतील एका उपेक्षित वस्तूकडे लक्ष वेधलें आहे. ती वस्तु म्हणजे बाड.

पोथी आणि बाड यांतील भेद आपण सर्व जाणतों. पोथींत बहुधा एक ग्रंथ, सुटीं पानें, नेटकें अक्षर, शेवटीं लेखकाचें नांव व शक. बाड म्हणजे शिवलेली वही. तींत नामदेवाचे अभंग, त्यापुढें कबीराचें पद, एखादी आरती, एखादी कथा, मध्येंच हिशेब, कोठें औषधाचा पाठ. अक्षर कधीं दोन-तीन हातांचें. संग्राहकाच्या दृष्टीनें पोथी हें धन आणि बाड ही अडगळ. सूचींत बाडापुढें 'स्फुट पदें, अपूर्ण' एवढा शेरा मारून आपण पुढें जातों. नोवेट्झके यांचें म्हणणें असें कीं हें बाड कीर्तनकाराच्या हातचें साधन आहे. कीर्तनास उभें राहतांना पूर्वरंगास कोणतें पद, त्यावर दृष्टान्त कोणता, उत्तररंगास आख्यान कोणतें, याची ती टिपण-वही. म्हणून तींत एका कवीची समग्र कविता न येतां एका प्रयोगास लागणारी सामग्री येते.

हें मान्य केलें तर नामदेवाच्या कर्तृत्वाचा जुना वाद निराळ्या प्रकाशांत दिसतो. नामदेव एक कीं अनेक, विष्णुदास नामा कोण, 'नामा म्हणे' अशी मुद्रा असलेल्या अभंगांत खरे किती, यावर आपल्या विद्वानांनीं पुष्कळ शाई खर्च केली. शिखांच्या आदिग्रंथांत नामदेवाचीं ६१ पदें आहेत. मराठी गाथेशीं त्यांचा मेळ घालण्याचाही प्रयत्न झाला. नोवेट्झके म्हणतात कीं कीर्तनाच्या परंपरेंत कर्ता ही एका माणसाची मिरास नाहीं. 'नामा' या मुद्रेखालीं अनेक पिढ्यांनीं सामुदायिक कर्तृत्व चालविलें, आणि तें लबाडीनें न करतां भक्तीनें केलें.

या मतांत खरेपणा पुष्कळ आहे, पण त्याचा एक धोकाही आहे. कर्तृत्व सामुदायिक म्हटलें कीं काळाचा निर्णय करण्याचें कारणच उरत नाहीं, अशी समजूत होऊं शकते. ती चुकीची आहे. बाडावरील शक हा कवीचा शक नव्हे. परंतु त्या शकापूर्वीं तें पद रचलें गेलें होतें एवढें त्यावरून निर्विवाद ठरतें. शंभर शकयुक्त बाडें एकत्र करून कोणतें पद प्रथम कोठें दिसतें याचा कोष्टक मांडला, तर सामुदायिक कर्तृत्वाची वाढ दशका-दशकानें डोळ्यांपुढें उभी राहील. सरकारी नामदेव गाथा १९७० सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांतील पदांचें असें कोष्टक हें पुढचें काम आहे. तें केवळ सिद्धान्ताच्या बळावर होणार नाहीं. त्यास सूची लागेल, आणि ती सूची करणें आपलें काम आहे.

येथेंच आपला दोषही पदरीं घेतला पाहिजे. बाड फोडून त्यांतील 'महत्त्वाचीं' पानें वेगळीं काढणें, कवीवार गठ्ठे बांधणें, हिशेबाचीं व औषधांचीं पानें निरुपयोगी म्हणून दूर ठेवणें, ही रीत अनेक संग्रहांत चालत आली आहे. तिनें पद वांचतें, पण पदाचा शेजार नाहींसा होतो. अभंगापाठोपाठ कोणतें आख्यान आलें, हाच जर कीर्तनाचा पुरावा असेल, तर बाड फोडणारा तो पुरावा नष्ट करतो. हिशेबाच्या पानावर गांवाचें, सावकाराचें किंवा यजमानाचें नांव असेल तर तो कीर्तनकार कोठें कोठें फिरत होता याचा तोच एक धागा. आणि तोच आपण तोडतों.

(६)

मिशिगन राज्य विद्यापीठांतील जॉन क्यून यांचा २०२१ सालचा ग्रंथ एकनाथांवर आहे. एकनाथांनीं श्राद्धाचें अन्न अस्पृश्यांस वाढलें, राण्या महाराच्या घरीं जेवण केलें, या कथा आपण लहानपणापासून ऐकतों. क्यून त्या कथा खऱ्या कीं खोट्या हें न विचारतां त्या कोणत्या काळीं कशा सांगितल्या गेल्या हें पाहतात. १७६२ चें भक्तविजय, १७७४ चें भक्तलीलामृत, पुढें नाटकें, आणि १९३५ चा प्रभातचा 'धर्मात्मा' हा चित्रपट, अशा क्रमानें ते एकाच कथेंतील बदल मांडतात. सहभोजनाची गोष्ट सांगतांना चरित्रकार कोठें स्पष्ट बोलतात व कोठें मुद्दाम संदिग्ध राहतात, हें त्यांनीं चांगलें दाखविलें आहे.

आपल्या वाचकांस यांत राजवाड्यांची आठवण होईल. १८९८ सालीं साधनांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत त्यांनीं बखरींची जी हजेरी घेतली तिनें आपल्या शास्त्राचा पाया घातला. बखर ही घडलेल्या गोष्टीची साक्षीदार म्हणून अविश्वसनीय ठरली, आणि अस्सल पत्रास अग्रमान मिळाला. तो निर्णय बरोबर होता व आहे. परंतु न्यायालयांत एका खटल्यांत अविश्वसनीय ठरलेला साक्षीदार दुसऱ्या खटल्यांत विश्वासार्ह ठरूं शकतो. महीपतीचा ग्रंथ सोळाव्या शतकांतील पैठणचा पुरावा म्हणून लंगडा असेल. अठराव्या शतकांत भाविकांस काय पटत होतें, काय खुपत होतें, याचा तो अस्सल पुरावा आहे. ही दृष्टि धर्माभ्यासानें दिली आणि तिचें ऋण मानावें. उणीव एवढीच वाटते कीं महीपतीच्या ग्रंथांच्या हस्तलिखितांत या कथांचा पाठ स्थिर आहे कीं हलता आहे, याची तपासणी झाली तर संदिग्धता चरित्रकाराची कीं नकलकाराची हें ठरेल.

(७)

आतां तोंडी साक्षीचा प्रश्न येतो, आणि येथें या शाखेचें बळ व तिची कमजोरी दोन्ही एकत्र दिसतात.

हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेंतील ग्युंथर सोंथायमर यांनीं बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरचा आपला जर्मन ग्रंथ १९७६ सालीं प्रसिद्ध केला. त्याचें इंग्रजी भाषांतर फेल्डहाउस यांनीं १९८९ सालीं केलें. धनगरांच्या ओव्या त्यांनीं वाड्यावस्त्यांतून ऐकून ध्वनिमुद्रित केल्या. सोंथायमर १९९२ सालीं वारले. त्यांनीं जमविलेल्या ओव्यांपैकीं दोन दीर्घ ओव्या फेल्डहाउस यांनीं रामदास आटकर व राजाराम झगडे यांच्या सहकार्यानें २०१४ सालीं प्रसिद्ध केल्या. ज्या कथेस कागदाचा आधार नाहीं तिला गाणारा, गांव व प्रसंग यांचा आधार देणें ही या कामाची शिस्त आहे. अशी नोंद केलेली ओवी आमच्या मतें शकयुक्त बाडाच्या तोडीची साधनवस्तु होय.

याच्या उलट उदाहरण मॅकलेस्टर कॉलेजांत धर्म हा विषय शिकविलेल्या जेम्स लेन यांच्या २००३ सालच्या शिवाजी महाराजांवरील ग्रंथाचें आहे. त्याच ग्रंथकारानें २००१ सालीं परमानंदाच्या शिवभारताचें भाषांतर एका भारतीय पंडिताच्या सहकार्यानें केलें होतें. तेथें ग्रंथाचा आधार होता आणि काम उपयोगी झालें. दुसऱ्या ग्रंथांत त्यांनीं महाराजांविषयींच्या आख्यानाची घडण पाहण्याचा उद्देश ठेविला. तो उद्देश गैर नव्हता. परंतु महाराजांच्या कुळाविषयींची एक कुजबूज, महाराष्ट्रांत लोक असें बोलतात एवढ्याच भांडवलावर, त्यांनीं छापली. कोणी सांगितली, कोठें, केव्हां, कोणत्या हेतूनें, यांपैकीं कांहीं नाहीं. आपल्या शास्त्रांत अशा वाक्यास पुरावा म्हणत नाहींत, आणि सोंथायमरांच्या शास्त्रांतही म्हणत नाहींत. तेव्हां हा दोष धर्माभ्यासाच्या पद्धतीचा नसून ती पद्धत सोडल्याचा आहे.

प्रकाशकांनीं नोव्हेंबर २००३ मध्यें ग्रंथ मागें घेतला. तरी ५ जानेवारी २००४ रोजीं जमावानें पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत शिरून ग्रंथ, कपाटें व हस्तलिखितें यांची नासधूस केली. १९१७ पासून जपलेल्या संग्रहावर हा घाला पडला. त्या पोथ्यांपैकीं एकीनेंही तें वाक्य लिहिलें नव्हतें. सरकारनें ग्रंथावर घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयानें २००७ सालीं रद्द केली आणि २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम ठेविला. चुकीच्या वाक्याचें खंडन लेखणीनें होतें. फाटलेलें पान कोणत्याच निर्णयानें परत येत नाहीं. या प्रकरणाचा बोध दुहेरी आहे. दूरदेशीं बसून लिहिणाऱ्या अध्यापकाच्या बेसावध वाक्याची किंमत येथील कपाटांना मोजावी लागूं शकते, हें त्यानें ओळखावें. आणि ग्रंथाचा सूड पोथ्यांवर घेणारा मनुष्य ज्या पूर्वजांचा अभिमान सांगतो त्यांचाच पुरावा तो नष्ट करतो, हें आपण निर्भीडपणें सांगत राहावें.

(८)

एकंदर हिशेब असा उतरतो. धर्माभ्यासाच्या अध्यापकांनीं आपल्या सांप्रदायिक वाङ्मयास वापराचा प्रश्न विचारला, आणि त्यामुळें लीळा स्मरणाचें साधन म्हणून, बाड कीर्तनाचें साधन म्हणून व संतचरित्र आपल्या काळाचें साक्षीदार म्हणून उभें राहिलें. हा लाभ लहान नाहीं. त्यांच्याकडून अपेक्षा एवढीच कीं ज्या वाक्यावर सिद्धान्त उभा करावयाचा त्याची पोथी, तिचा शक, तिचा संग्रह व तिचे पाठभेद वाचकापुढें ठेवावे. आणि तोंडी ऐकलेल्या गोष्टीस, ज्या ओवीस त्यांनीं स्वतः लावली तीच कसोटी लावावी.

आपल्याकडून करावयाच्या गोष्टी अधिक ठोस आहेत. बाड फोडूं नये. फोडलें गेलें असेल तर त्याचीं पानें एकत्र कोठून आलीं याची नोंद तरी करावी. सूची करतांना बाडांतील सर्व मजकूर, हिशेब-औषधांसकट, आहे त्या क्रमानें द्यावा. पोथी ज्या घरांतून, मठांतून किंवा देवळांतून आली तेथील नांव, आणि ती तेथें कोणत्या तिथीस किंवा प्रसंगीं वाचली जाई हें देणाऱ्यास विचारून लिहून ठेवावें. देणारा वृद्ध असतो आणि ही माहिती त्याच्याबरोबर जाते. समासांतील टिपा, हळदीकुंकवाचे डाग, पुनःपुन्हां हाताळून झिजलेलीं पानें हीं सुद्धां लेखनाइतकींच वर्णनीय समजावीं. यांतील एकाही गोष्टीस विद्यापीठाचें अध्यासन लागत नाहीं. लागतें तें चार ओळी अधिक लिहिण्याचें कष्ट. तेवढे कष्ट संग्राहकांनीं घेतले, तर पुढील परीक्षणास ग्रंथकार परदेशी कीं स्वदेशी हा प्रश्न गौण राहील, आणि त्यानें पुरावा नीट वाचला कीं नाहीं, एवढेंच पाहावें लागेल.